लॉकच्या आतला नंबर काय कामाचा?

नवी पेठेतल्या आपल्या दुकानातून फोन घेणाऱ्या, दुरुस्तीला टाकणाऱ्या सगळ्यांसाठी हा कागद आहे, फोन लॉक असला तरी अडचणीच्या वेळी घरच्यांचा नंबर लोकांना दिसावा म्हणून. बिलासोबत देतोय, बिलासोबत टाकून देऊ नका, पुढच्या वेळी टफन ग्लास बसवायला आलात की आम्ही विचारणार आहोत.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे दोन, रस्त्याकडं बघवत नाही असलं आपलं सोलापूरचं ऊन, आणि एक रिक्षावाले मामा घामाघूम होऊन दुकानात आले, काउंटरवर एक फोन ठेवला. काच कोपऱ्यातून फुटलेली, बॅटरी ४ टक्के. सात रस्त्याजवळ एक माणूस चक्कर येऊन पडला, लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, शुद्धीवर नाही, खिशात पाकीट नाही, नुसता हा फोन, तेवढा लॉक तोडून द्या म्हणाले. आता लॉक असा तुटत नसतो ओ. रिसेट मारला तर आतलं सगळं पुसून जातं, म्हणजे ज्यासाठी उघडायचा तेच गेलं. बोट लावून बघावं म्हटलं तर माणूस तिकडं आणि फोन इकडं, आणि फोन एकदा बंद पडून परत चालू झाला की पहिल्यांदा पिनच मागतो, बोट चालत नाही, म्हणून आधी तो बंद पडू द्यायचा नाही एवढंच आमच्या हातात होतं. चार्जिंगला लावला आणि बसलो बघत. पाऊण तासानं वाजला. स्क्रीनवर नाव, 'दूधवाला'. महिन्याचं बिल मागायला फोन केला होता बिचाऱ्यानं. तो म्हणाला अहो हे तर आमच्या लाइनीतले, थांबा मीच जातो घरी सांगायला. बायको तिकडं ताट वाढून बसलेली, कामात असतील म्हणून फोन पण केला नव्हता.

माणूस बरा झाला, आठवड्यानं स्वतः येऊन काच बदलून घेतली. बायकोचा नंबर फोनमध्ये होता की, 'होम मिनिस्टर' नावानं, स्टार लावून. पण लॉकच्या आत.

हा प्रॉब्लेम जुन्या फोनला नव्हता. २००५ साली इंग्लंडात केंब्रिजच्या बॉब ब्रॉची नावाच्या अँब्युलन्सवर काम करणाऱ्या माणसानं एक साधी आयडिया काढली, की घरच्यांचा नंबर 'आयसीई' नावानं सेव्ह करा, इन केस ऑफ इमर्जन्सी, म्हणजे पेशंट बोलत नसला तरी कोणाला फोन करायचा ते फोनमध्ये बघून कळेल. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनला बॉम्बस्फोट झाले आणि ही आयडिया सगळीकडं पसरली. तेव्हा बटणाचे फोन, कोणीही उचलून बघू शकायचा. आता प्रत्येकाच्या फोनला पॅटर्न, पिन, बोट, चेहरा. आणि लॉक काढा असं आम्ही अजिबात सांगणार नाही, तुमचं सगळं बँकेचं त्यात आहे. नंबर तेवढा लॉकच्या बाहेर आणायचा.

अँड्रॉइडमध्ये सेटिंगला जाऊन 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' बघा, त्यात मेडिकल माहिती भरायची आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट टाकायचे, आणि लॉक असताना दिसू दे असा जो ऑप्शन येतो तो चालू करायचा, हे शेवटचं लोक विसरतात आणि मग सगळी मेहनत आतच राहते. प्रत्येक कंपनीनं हे वेगळ्या जागी लपवलंय, त्यामुळं शोधत बसू नका, सेटिंगच्या वर सर्चचा डबा असतो त्यात इमर्जन्सी टाइप करा, सापडतं. आयफोनमध्ये हेल्थ नावाचं ॲप असतं, पांढऱ्यावर गुलाबी बदामवालं, वर तुमच्या फोटोवर दाबलं की मेडिकल आयडी येतो, तिथं भरा आणि 'शो व्हेन लॉक्ड' चालू ठेवा. मग फोन लॉक करून स्वतःच चेक करा, लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी दाबून नंबर दिसतो का ते.

पण खरं सांगू का, आपल्याकडं रस्त्यावर जमलेल्या दहा माणसांत त्या इमर्जन्सीवर दाबून आत माहिती असते हे एकाला माहीत असलं तरी पुष्कळ. म्हणून आमचा भरवसा लॉक स्क्रीनवर सरळ लिहिलेल्या नंबरवर जास्त आहे. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये मजकूर टाकता येतो, तिथं 'घरी कळवा' आणि नंबर, बास. आयफोनवाल्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात नंबर लिहून त्याचा फोटो काढून वॉलपेपर लावायचा. दिसायला भारी नाही दिसत, कबूल.

आता नंबर कोणाचा टाकायचा. नवरा बायकोचा टाकतो, बायको नवऱ्याचा, आणि अक्कलकोटला जाताना दोघं एकाच गाडीवर. म्हणून एक नंबर असा पाहिजे जो तुमच्यासोबत फिरत नाही. दुसरं, आपली पोरं सगळी पुण्यात, आयटीत, अनोळखी नंबर उचलत नाहीत आणि फोन करणारा तर अनोळखीच असणार ना. पोराचा नंबर टाका पण दुसरा टाका, पहिला सोलापुरातला, जो अर्ध्या तासात दवाखान्यात पोचू शकतो, मग तो भाऊ असो, साडू असो नाहीतर शेजारचे काका. आणि ज्यांचा टाकताय त्यांना तसं सांगून ठेवा, त्यांच्या फोनमध्ये अनोळखी कॉल सायलेंट करायची सेटिंग चालू नाही ना तेही बघा. नाव नुसतं 'आई' किंवा 'पिल्लू' नको, नातं आणि नाव दोन्ही लिहा. नंबराआधी +९१ असला की परदेशात गेल्यावर पण तसाच लागतो.

मेडिकल माहितीत लोक ब्लड ग्रुप टाकतात आणि थांबतात. रक्त द्यायच्या आधी दवाखाना स्वतः तपासूनच देतो. त्याहून कामाचं म्हणजे कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, शुगरचं इन्शुलिन चालू आहे का, रक्त पातळ करायची गोळी घेता का, फिट येतात का, पेसमेकर आहे का. हे डॉक्टरला तपासून लगेच कळत नाही. आधार नंबर, घराचा पूर्ण पत्ता असलं काही तिथं टाकू नका, लॉकच्या बाहेर म्हणजे सगळ्यांना दिसणार.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडं अजून बटणाचा फोन असतो आणि त्याला लॉक नसतो, तिथं जुनी आयडिया आजही चालते. नावाच्या आधी इंग्रजीतले दोन ए टाका म्हणजे नाव लिस्टमध्ये वर राहतं. स्पीड डायल २ किंवा ३ वर लावा, ५ आणि ९ सोडून द्या, कारण २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनला सरकारनं पॅनिक बटण सक्तीचं केलंय आणि बटणाच्या फोनमध्ये ते ५ किंवा ९ दाबून धरलं की चालतं, खरोखर इमर्जन्सीला कॉल जातो, नातवाच्या हातात देताना लक्षात ठेवा. पूर्व भागातल्या एक आजी आमच्याकडं येतात, त्यांना तेलुगूच येतं, मराठी कळतं पण घाबरल्या की बोलता येत नाही. त्यांच्या फोनच्या मागं आम्ही चिठ्ठी चिकटवलीय, मुलाचा नंबर आणि खाली 'तेलुगूत बोला'. तुमच्या घरात कन्नड असेल तर तसं लिहा.

आणि कागद. हसू नका मोबाईलवालाच कागद सांगतोय म्हणून. बॅटरी संपली, काच फुटली, फोन कोणी उचलून नेला तर वरचं सगळं झिरो. एक चिठ्ठी कव्हरच्या आत, एक पाकिटात, एक गाडीच्या डिकीत. गड्ड्याच्या जत्रेला पोरं घेऊन होम मैदानावर जाता तेव्हा पोराच्या खिशात चिठ्ठी पाहिजेच, तिथं गर्दीत फोन लावला तरी पाळण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी पण, रात्रभरात बॅटरी उतरतेच.

तुम्हाला दुसरं कोणी पडलेलं दिसलं तर आधी ११२ किंवा १०८, मग घरच्यांचा नंबर. ११२ लॉक असलेल्या फोनवरून पण लागतो, आणि १०८ ची अँब्युलन्स २०१४ पासून आपल्या राज्यात फुकट आहे. नाव सांगायची भीती वाटते लोकांना, पण अपघातात मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आलं आणि २०२० च्या नियमांत तसं घातलंय. आणि सापडलेला फोन बंद करू नका, चार्जिंगला लावा, दूधवाल्याचा का होईना कॉल येतो.

फोन बदलला, नंबर बदलला की हे सगळं परत बघावं लागतं, जुन्या फोनमधली मेडिकल माहिती नव्यात आपोआप येईलच असं नाही. जमत नसेल तर घेऊन या, फोन आमच्याकडून घेतलेला नसला तरी चालतं, दहा मिनिटांचं काम आहे, पैसे घेत नाही. फक्त संध्याकाळी सहा ते आठ येऊ नका, तेव्हा रिचार्जवाल्यांची गर्दी असते, आणि येताना पिन आठवत असू दे.