नगरपालिकांचे ग्रंथालय, कला व वारसा कार्य

नगरपालिका आणि महानगरपालिका आपल्या वार्षिक अंदाजपत्रकातून वाचनालये, अभ्यासिका, नाट्यगृहे, कलादालने, संग्रहालये, पुरस्कार, महोत्सव आणि जुन्या वास्तूंची जपणूक यांसाठी जी कामे करतात, त्यांचा या नोंदीत विचार केला आहे. महाराष्ट्रात या कामांना एकच सरकारी नाव नाही आणि बहुतेक ठिकाणी ती एका छपराखालीही नसतात. नाट्यगृहे सांस्कृतिक विभागाकडे, जुन्या इमारती बांधकाम किंवा भवन विभागाकडे, वाचनालये कुठे शिक्षण खात्याकडे तर कुठे समाजविकास विभागाकडे, अशी त्यांची वाटणी झालेली दिसते. त्यामुळे एखाद्या शहराने वर्षभरात संस्कृतीवर नेमके किती खर्चले हे शोधायचे तर अंदाजपत्रकाची बरीच पाने चाळावी लागतात.

कायद्यातील स्थान

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ आणि मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हे दोन्ही कायदे पालिकेची कर्तव्ये दोन गटांत विभागतात : बंधनकारक आणि स्वेच्छाधीन. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते, प्राथमिक शिक्षण हे पहिल्या गटात. सार्वजनिक ग्रंथालये, संग्रहालये, सभागृहे ही दुसऱ्या गटात, म्हणजे जमले तर करायची. पैसा कमी पडला की कात्री कुठे लागते, हे या वाटणीवरूनच कळते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यातील अठरा विषयांपैकी तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा आहे. ग्रंथालयांचा मात्र तिच्यात स्वतंत्र उल्लेख नाही. गंमत अशी की त्याच वेळी ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जी अकरावी अनुसूची आली, तिच्यात ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्यक्रम हे दोन्ही विषय वेगवेगळे नोंदलेले आहेत. खेड्याला वाचनालय हवे हे घटनेने स्पष्ट म्हटले. शहराच्या बाबतीत ते ‘सांस्कृतिक बाबी’ या मोघम शब्दांवर सोडून दिले.

ग्रंथालये

महाराष्ट्रातील शहरांत सार्वजनिक वाचनालय म्हटले की सहसा पालिकेचे वाचनालय डोळ्यांपुढे येत नाही. नगर वाचनालये येतात, आणि त्यांतली बहुतेक पालिकांहून जुनी आहेत. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, सोलापूरचे हिराचंद नेमचंद वाचनालय १८५३ चे. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या धर्तीवर गोरे अधिकारी, सरदार आणि नवशिक्षित मंडळी यांनी वर्गणीतून ती उभी केली. पालिका आल्या तेव्हा हे काम आधीच कोणीतरी करत होते. त्यामुळे पालिकेने फार तर जागा द्यायची, भाडे नाममात्र ठेवायचे, वर्षाकाठी थोडे अनुदान द्यायचे, अशी रीत पडली.

पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ याने ही रीत पक्की केली. या कायद्याने ग्रंथालय संचालनालय आणि राज्य ग्रंथालय परिषद यांची व्यवस्था लावली. लोकांच्या संस्था म्हणून चालणाऱ्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून परिरक्षण अनुदान (म्हणजे देखभालीसाठीची मदत) देण्याचे धोरण आले. आज अशी शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी आहेत. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास अशा निकषांवर. अनुदान राज्याकडून येत असल्यामुळे पालिकेवर जबाबदारी पडत नाही आणि तिचा हक्कही निर्माण होत नाही. अनुदानाची वाढही वर्षावर्षाला होत नाही. मोठ्या मुदतीनंतर एकदम होते. २०२२ साली ६० टक्के वाढ जाहीर झाली, तिच्यासाठी ग्रंथालय संघटनांना अनेक वर्षे निवेदने द्यावी लागली होती.

या कायद्यात ग्रंथालय उपकराची, म्हणजे घरपट्टीसारख्या करासोबत ग्रंथालयांसाठी घ्यायच्या जादा कराची, तरतूद नाही, आणि त्याचा परिणाम खोल आहे. भारतात १९४८ च्या मद्रास कायद्याने स्थानिक करासोबत ग्रंथालय उपकर घेण्याची पद्धत सुरू केली. कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात तीच वाट धरली. म्हणून बेळगावच्या घरपट्टीत ग्रंथालयाचा वाटा असतो आणि शंभरएक किलोमीटरवरच्या कोल्हापूरच्या घरपट्टीत नसतो. महाराष्ट्राच्या घरपट्टीत वृक्ष उपकर आहे, शिक्षण कर आहे. पुस्तकांसाठी काही नाही. याला आणखी एक चमत्कारिक पदर आहे. स्वातंत्र्यापूर्वीच, १९४५ साली, ग्रंथालयांचा कायदा करणारे संस्थान कोल्हापूरच होते. भारतातला तो या विषयावरचा पहिला कायदा मानला जातो. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो मागे पडला. उपकर असला म्हणजे सगळे सुरळीत चालते असेही नाही. पालिकेने गोळा केलेला उपकर ग्रंथालय प्राधिकरणाकडे वेळेवर पोचत नाही ही तक्रार कर्नाटकात जुनीच आहे. पण तिथे निदान थकबाकी मोजता येते. बेळगावातल्या मराठी वाचकांचे १८४८ चे सार्वजनिक वाचनालय या व्यवस्थेबाहेर, आपल्या संस्थेच्या बळावर चालत आले आहे.

पालिकांनी स्वतः चालवलेल्या वाचनालयांचे रूप गेल्या दोनतीन दशकांत पालटले. वृत्तपत्र वाचन कक्ष ओस पडत गेले आणि त्यांच्या जागी अभ्यासिका आल्या. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळी दार उघडण्याआधीच रांगेत असतात. त्यांना टेबल, दिवा, पंखा, पिण्याचे पाणी आणि रात्री उशिरापर्यंत उघडी जागा हवी असते; पुस्तके ती स्वतःची आणतात. नगरसेवकांनाही अभ्यासिका आवडते, कारण ती प्रभाग निधीतून उभी राहते आणि तिच्यावर पाटी लावता येते. ही सोय खरी आहे, गरीब घरांतल्या मुलांना तिचा मोठा आधार आहे. मात्र तिला वाचनालय म्हणून अहवालात मोजणे बरोबर नाही. जिथे ग्रंथपालाचे पद नाही आणि पुस्तक खरेदीचे लेखाशीर्ष रिकामे आहे, तिथे फक्त बसायची जागा आहे.

नाट्यगृहे आणि कला

नाटकाच्या बाबतीत चित्र एकदम उलटे आहे. मराठी व्यावसायिक रंगभूमीचा दौरा आज बव्हंशी पालिकांच्या नाट्यगृहांवर चालतो : ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, नाशिकचे महाकवी कालिदास कलामंदिर, सोलापूरचे हुतात्मा स्मृती मंदिर, साताऱ्याचे शाहू कलामंदिर. स्वेच्छाधीन कर्तव्यातून एवढे मोठे जाळे उभे राहिले, हे महाराष्ट्राचे वेगळेपण आहे. नाटकवेडा मतदार हे त्याचे एक कारण. एखादे शहर मोठे झाले याची खूण म्हणजे तिथे नाट्यगृह, ही समजूत दुसरे.

या परंपरेचे ठळक उदाहरण पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याची कोनशिला खुद्द नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्व यांच्याच हस्ते बसली. आराखड्यात पु. ल. देशपांडे यांनी बारकाईने लक्ष घातले होते. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी, त्यांच्या जन्मदिनी म्हणजे २६ जूनला, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते रंगमंदिराचे उद्घाटन झाले. तेव्हापासून जूनअखेरीचा वर्धापनदिन हा तिथला ठरलेला सोहळा आहे. त्यात नाटक, लावणी, ऑर्केस्ट्रा, पडद्यामागच्या कामगारांचा सत्कार असे सगळे येते. ही वास्तू पाडून मोठे संकुल बांधायचा प्रस्ताव अलीकडे आला तेव्हा कलावंतांतच दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, सोयी जुन्या झाल्या, वाहने ठेवायला जागा नाही. दुसऱ्या बाजूचे, आहे ते नीट राखा, पाडायचे कशाला.

नाट्यगृहाचे वार्षिक गणित तारखांवर चालते. दिवसाचे तीन प्रयोग धरले जातात : सकाळ, दुपार, रात्र. संस्था आणि निर्माते तिमाही वाटपासाठी अर्ज करतात आणि शनिवार-रविवारच्या तारखांसाठी खरी ओढाताण होते. नाटकाला भाडे कमी, व्यापारी कार्यक्रमाला जास्त, शाळांच्या स्नेहसंमेलनाला आणखी वेगळे. हे दर वाढवायचे तर ठराव लागतो आणि तो सहसा निवडणुकीच्या आधी मांडला जात नाही. कुरबुरीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मिळालेली तारीख ऐनवेळी शासकीय किंवा राजकीय कार्यक्रमासाठी काढून घेणे. त्याखालोखाल स्वच्छतागृहे, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा आणि ध्वनियंत्रणा. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला निविदा निघत नाही. नटांनी प्रयोगानंतर प्रेक्षकांपुढे कैफियत मांडल्यावर पाहणी दौरा होतो, असे चक्र अनेक शहरांत पाहायला मिळते.

देखभाल ढिली पडली की काय गमवावे लागते, याचा विचार ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीनंतर सगळ्याच पालिकांना करावा लागला. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री आगीत भस्मसात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेले, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून खुले झालेले हे नाट्यगृह महापालिकेच्या ताब्यात होते. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. दगडी दर्शनी भाग बराचसा उभा राहिला, रंगमंच आणि छत गेले. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. त्यानंतर इतर शहरांत नाट्यगृहांच्या अग्निसुरक्षा तपासणीची चर्चा सुरू झाली.

याखेरीज पालिका पुरस्कार देतात, जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या करतात, गणेशोत्सवात देखावे आणि विसर्जनाची व्यवस्था लावतात. पुणे महानगरपालिकेचा पंडित भीमसेन जोशी यांच्या नावचा स्वरभास्कर पुरस्कार प्रतिष्ठेचा आहे. चित्रकलेच्या वाट्याला मात्र फारसे येत नाही. पुण्यात घोले रस्त्यावर राजा रविवर्मा कलादालन आहे, पण बहुतेक नगरपरिषदांकडे चित्र टांगायला एक धड भिंतही नाही.

वारसा

वारशाच्या कामात पालिका दोन भूमिकांत असते. एकीकडे ती स्वतः जुन्या इमारतींची मालक, दुसरीकडे इतरांच्या इमारतींवर नियम लावणारी. मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. शहरासाठी अशी नियमावली भारतात प्रथमच होत होती. तिच्यानुसार इमारती श्रेणी एक, दोन, तीन अशा यादीत गेल्या आणि त्यांत बदल करायचा तर मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला लागू लागला. इतर शहरांत अशा समित्या आल्या, त्यांच्या बैठका मात्र नियमित होतातच असे नाही. यादीत नाव लागले की घराची किंमत पडेल या धास्तीने मालक हरकती घेतात आणि याद्या वर्षानुवर्षे प्रारूप अवस्थेत राहतात. केंद्रसंरक्षित स्मारक असेल तर आणखी पेच : प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीने. शनिवारवाड्याभोवतीचे मोडकळीस आलेले वाडे त्यात अडकले आहेत.

स्वतःच्या वास्तूंच्या बाबतीत पालिकांचे काम पुष्कळदा चांगले आहे. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून आजच्या इमारतीत आहे. मुंबई महापालिकेने २००३ मध्ये वारसा जतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्याशी करार केला, जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. खासगी निधी आणि बाहेरचे तज्ज्ञ आणूनही मालकी पालिकेकडेच ठेवता येते, हे या कामाने दाखवले. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा प्रवास तर नगराच्या इतिहासाचाच आहे. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा, मग १८२१ ची संस्कृत पाठशाळा, १८७९ ची आग, पुढे बरीच वर्षे पालिकेचे कार्यालय, आणि अलीकडे जीर्णोद्धार होऊन प्रदर्शने व कार्यक्रमांची जागा.

पुण्याच्याच मंडईची कथा अधिक बोलकी आहे. १८८० च्या दशकात ही मंडई ‘रे मार्केट’ म्हणून बांधायचे ठरले तेव्हा महात्मा जोतीराव फुले पालिकेचे सदस्य होते. एवढा पैसा मंडईच्या इमारतीत घालण्यापेक्षा प्राथमिक शिक्षणावर खर्चावा, असा त्यांचा विरोध होता. इमारत १८८६ मध्ये उभी राहिलीच. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या पालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचेच नाव मिळाले. आज ती पालिकेच्या वारसा इमारतींत अग्रभागी आहे.

वर्षाचा क्रम

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. महापालिकेत आयुक्त जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथे सदस्यांच्या सूचना मिळून ते सर्वसाधारण सभेकडे जाते. या टप्प्यावर कलादालने, स्मारके, कलाग्राम यांच्या घोषणा होतात. पुढे पावसाळ्यात रस्ते उखडले, पाण्याची योजना अडली, की ‘वर्गीकरणा’चे प्रस्ताव येऊ लागतात, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवली जाते. सांस्कृतिक कामांची रक्कम बहुधा अशीच आटते. उरलेली मार्चअखेर घाईने खर्ची पडते, म्हणून रंगरंगोटी, खुर्च्या आणि होर्डिंगांची बिले त्या महिन्यात दाटीवाटीने दिसतात. पुस्तकांची खरेदीही याच महिन्यात होते, आणि निवडीला वेळ न उरल्याने पुरवठादाराची यादी तशीच स्वीकारली जाते.

२०२२ नंतरची काही वर्षे राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर लोकनियुक्त सभागृहाऐवजी प्रशासक होते. या काळात तारखांचे वाटप, भाडेवाढ, पुरस्कारांची निवड हे निर्णय सभागृहातल्या चर्चेविना, प्रशासकीय ठरावाने झाले. कायद्यानुसार तयार होणाऱ्या वार्षिक प्रशासन अहवालात नाट्यगृहांचे प्रयोग आणि उत्पन्न, उद्यानांची संख्या, अभ्यासिकांची आसने अशी माहिती येते. किती वाचकांनी किती पुस्तके घरी नेली, हा आकडा त्यात क्वचितच असतो.