पुढच्या रुपयाचे गणित

मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी दुष्काळग्रस्त लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख असल्याने ते माणशी जेमतेम १.३ लिटर भरत होते. त्या गाडीची छायाचित्रे देशभर पोहोचली. वर्गणी गोळा करणारी मंडळे आणि सप्ताहाच्या समित्या मदत कुठे द्यायची हे ठरवताना बहुधा असेच डोळ्यांपुढचे सर्वांत मोठे संकट निवडतात. ही निवड सहृदय असली, तरी हिशेबाच्या दृष्टीने ती अपुरी आहे.

गणितज्ञ डॅनियल बर्नूली यांनी १७३८ मध्ये मांडले की, पैशाचे समाधान रकमेच्या प्रमाणात वाढत नाही, तर लॉगरिदमच्या प्रमाणात वाढते, म्हणजे रक्कम दरवेळी दुप्पट झाली की समाधान सारख्याच मापाने वाढते. महिना पाच हजार मिळवणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला मिळालेले शंभर रुपये हे पन्नास हजार मिळवणाऱ्या घरात गेलेल्या हजार रुपयांइतके मोलाचे ठरतात, कारण लॉगरिदमच्या वक्राचा उतार मूळ रकमेच्या व्यस्त प्रमाणात असतो. हाच वक्र आता एखाद्या सामाजिक प्रश्नाला लावून पाहू. सोपी कामे आधी उरकतात आणि अवघड मागे राहतात. त्यामुळे खर्च दहा लाखांवरून वीस लाखांवर नेल्यास जेवढी प्रगती होते, साधारण तेवढीच प्रगती एक कोटीवरून दोन कोटींवर जाताना होते, असे धरता येते. मग पुढच्या रुपयाचा लाभ म्हणजे प्रश्नाचा आकार भागिले त्यावर आधीच होत असलेला खर्च. प्रश्न दहापट मोठा असेल, पण त्यावर शंभरपट पैसा लागलेला असेल, तर तुमचा रुपया लहान प्रश्नावर दहापट अधिक काम करतो.

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील चतुर्थांशाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने या प्रश्नाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत ठळक स्थान दिले ते २०१७ मध्ये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष आपल्याकडे तयार होते. उणीव असते ती वेळेत पोहोचण्याची. मांत्रिकाचा गुण येतो असे वाटते, त्याचे कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दरवेळी विष टोचत नाही. परंतु ज्याच्या शरीरात विष गेले आहे, त्याचा मंत्रात गेलेला तास परत मिळत नाही.

या सूत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. अर्धवट खोदलेल्या विहिरीला अर्धे पाणी लागत नाही. जिथे ठरावीक रकमेपर्यंत लाभ शून्य असतो, तिथे वक्र आधी सपाट राहतो आणि मग एकदम उसळतो. अशा कामात पाच गावांना थोडे थोडे वाटण्यापेक्षा एका गावाची विहीर पाण्यापर्यंत नेणे योग्य ठरते. म्हणून समितीने वर्गणी मोजण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: या कामावर आधीच किती पैसा लागला आहे आणि ते किती रकमेला पूर्ण होते. तांड्यावरून प्रतिविष असलेल्या रुग्णालयापर्यंत रात्री-अपरात्री निघणाऱ्या एका जीपचे भाडे आणि डिझेल यांची तजवीज पहिल्याच वर्गणीतून होऊ शकते.