चिनी आक्रमण आणि भारतीय लोकमत (१९५९–६२)

उत्तर सीमेवर चीनचा धोका १९५९ पासून उघड दिसू लागला आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये प्रत्यक्ष युद्ध झाले. चीनला कसे उत्तर द्यावे, याविषयी या साडेतीन वर्षांत भारतीय जनता, वृत्तपत्रे, पक्ष आणि संसद यांच्यात जी मते बनली, बदलली आणि एकमेकांवर आदळली, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. लोकमत भडकले आणि त्यामुळे पंतप्रधान नेहरूंचे हात बांधले गेले, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. चीनच्या कृतीने लोक जितके चिडले, तितकेच आपल्याच सरकारने गोष्टी झाकून ठेवल्याने चिडले. वेळेवर सांगितले असते तर विचार करायला जनतेला सवड मिळाली असती.

त्या काळी जनमत चाचण्या मोजक्याच होत आणि त्याही शहरांतल्या शिकलेल्या लोकांपुरत्या. १९६१ च्या जनगणनेत साक्षरता तीस टक्क्यांच्याही खाली होती. त्यामुळे लोकांना काय वाटत होते, हे सभा, मोर्चे, अग्रलेख, संसदेतली भाषणे आणि मतपेटी यांवरूनच ताडावे लागते. या साधनांचा कौल नेहमी एकसारखा नसतो, हे पुढे मुंबईच्या निवडणुकीत दिसेल.

पूर्वपीठिका

सावधगिरीचे इशारे आधीपासून मिळत होते. चिनी फौजा तिबेटात शिरल्यावर सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात उत्तर सीमेची काळजी स्पष्ट मांडली होती. २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटविषयक करार झाला आणि पंचशील तत्त्वांचा गाजावाजा सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यसभेत या धोरणावर कडाडून टीका केली. पंचशील हा बौद्ध धर्माचा भाग आहे. माओंची त्यावर श्रद्धा असती, तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळ्या तऱ्हेने वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. पण ‘हिंदी-चिनी भाई-भाई’च्या त्या दिवसांत हे आवाज एकटे पडले. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या स्वागताला लोक आपणहून गर्दी करत होते. वसाहतवादातून सुटलेले दोन मोठे शेजारी एकत्र आले, याचा त्यांना मनापासून आनंद होता.

चीनने लडाखच्या अक्साई चीन या भागातून रस्ता बांधल्याचे दिल्लीला १९५७ मध्ये कळले. ऑक्टोबर १९५८ मध्ये निषेधाचा खलिताही गेला. संसदेला मात्र ही गोष्ट ऑगस्ट १९५९ अखेर सांगण्यात आली. दोन वर्षे देशाचा नागरिक अंधारात होता. सप्टेंबर १९५९ मध्ये दोन्ही सरकारांचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने छापला गेला, तेव्हा मैत्रीच्या घोषणा देणाऱ्यांनाच सर्वांत मोठा धक्का बसला.

मुंबईतील निदर्शने

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि महिनाअखेर दलाई लामा भारतात आले. तिबेटी लोकांविषयीची सहानुभूती चटकन रस्त्यावर उतरली. २० एप्रिल १९५९ रोजी मुंबईतल्या चिनी वकिलातीसमोर समाजवाद्यांनी निदर्शने केली. माओंचे चित्र भिंतीवर चिकटवून त्यावर टोमॅटो आणि नासकी अंडी फेकण्यात आली. चीनने याचा अत्यंत तिखट शब्दांत निषेध केला. आपल्या राष्ट्रप्रमुखाचा हा अपमान आहे आणि तो खपवून घेतला जाणार नाही, असा त्याचा सूर होता. घडले त्याबद्दल भारताने खेद कळवला, पण शांततेने होणारी निदर्शने इथल्या कायद्याने रोखता येत नाहीत, हेही सांगितले. भिंतीवरच्या त्या चित्राने दोन राज्यपद्धतींतले अंतर दाखवून दिले. रस्त्यावर जे घडते ते सरकारच्या संमतीशिवाय घडूच शकत नाही, असे पेकिंगला, म्हणजे चिनी सरकारला, वाटत होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर्वेकडच्या सीमेवर लोंगजू येथे चकमक झाली. २१ ऑक्टोबरला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जजवळ १० पोलीस जवान मारले गेले. देशभर हा दिवस आजही पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. या घटनेनंतर वाटाघाटी हा शब्दच संशयास्पद ठरला. अक्साई चीनमध्ये गवताचे पातेही उगवत नाही, असे नेहरू म्हणाले, त्यावर काँग्रेसचेच महावीर त्यागी यांनी आपल्या टकलाकडे बोट दाखवून, इथेही काही उगवत नाही, मग हे डोके कापून द्यायचे का, असे विचारले. हा किस्सा अजून सांगितला जातो, कारण ओसाड असली तरी जमीन आपली, ही सामान्य माणसाची भावना त्यात नेमकी उतरली आहे.

एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीत आले. पूर्वेकडची मॅकमहॉन रेषा आम्ही धरून चालतो, पश्चिमेकडचा अक्साई चीनवरचा ताबा तुम्ही मान्य करा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. विरोधी पक्षांनी आधीच बजावले होते की एक इंचही देऊ नका. थोड्याच दिवसांपूर्वी बेरुबारी (बंगालमधला काही भाग पाकिस्तानला देण्याच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशाचा भूभाग देण्यासाठी घटनादुरुस्ती लागेल असे म्हटले होते. बोलणी फिसकटली. लोकमत सौम्य असते तर तडजोड झाली असती का, हा वाद इतिहासकारांत आजही आहे. चीनची त्यानंतरची वागणूक पाहता केवळ भारतीय जनतेच्या हट्टाला दोष देणे अन्यायाचे वाटते.

उत्तर मुंबईची निवडणूक

फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन काँग्रेसतर्फे उभे होते. त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी होते आणि जनसंघापासून प्रजासमाजवाद्यांपर्यंत अनेकांचा त्यांना पाठिंबा होता. प्रचाराचा मुख्य विषय चीनच होता. ‘चीनी हमला होते हैं, मेनन साब सोते हैं, सोना है तो सोने दो, कृपलानीजी को आने दो’ ही घोषणा गल्लोगल्ली ऐकू येई. मेननांच्या पाठीशी स्वतः नेहरू होते, कम्युनिस्ट होते आणि सर्वांत मोठे बळ गोव्याचे होते. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्याने गोवा मुक्त केला, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. मेनन कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते घेऊन निवडून आले.

त्या वेळी वृत्तपत्रांतला संताप आणि मतदाराचा कौल यांत एवढे अंतर होते. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता दोन दिवसांत कोसळली, त्यावरून सैन्य सज्ज आहे असा समज पसरला. हिमालयात तेच सैन्य सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून उभे होते, हे मुंबईच्या मतदाराला कुणी सांगितले नव्हते.

ऑक्टोबर–नोव्हेंबर १९६२

सप्टेंबरात पूर्वेकडच्या सीमेवरील थागला कड्याखाली चिनी सैनिक उतरले. १२ ऑक्टोबरला सिलोनला जाताना नेहरूंनी पत्रकारांना सांगितले की आपली भूमी मोकळी करण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. वृत्तपत्रांनी हे ठळक मथळ्यांनी छापले आणि आता चिन्यांना हुसकावणार, अशी अपेक्षा देशभर झाली. २० ऑक्टोबरला चीननेच दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. लोक हादरले. आपण स्वतःच निर्माण केलेल्या कृत्रिम वातावरणात राहत होतो, अशी कबुली काही दिवसांतच खुद्द नेहरूंनी दिली.

मेननांविरुद्धचा क्षोभ आता काँग्रेस खासदारांमध्येही मावेना. आधी त्यांचे संरक्षण खाते काढून घेतले गेले आणि ७ नोव्हेंबरला त्यांना मंत्रिमंडळच सोडावे लागले. नऊ महिन्यांपूर्वी त्यांना भरघोस मते देणाऱ्या शहरातही त्यांची बाजू घेणारे थोडेच उरले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना बोलावण्यात आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठीत रुळले. २१ नोव्हेंबरला चव्हाणांनी सूत्रे हाती घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केल्याची बातमी आली.

१४ नोव्हेंबरला संसदेने, लढा कितीही लांबला आणि खडतर झाला तरी आक्रमकाला भारतभूमीवरून घालवून देण्याचा निर्धार ठरावाद्वारे केला. अलिप्ततावादाचे काय, हा प्रश्न मात्र मिटला नाही. राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) स्वतंत्र पक्षाला पाश्चात्त्य देशांशी सरळ हातमिळवणी हवी होती. अमेरिका-ब्रिटनची शस्त्रे आली तेव्हा सामान्य माणसाने ती स्वागतार्हच मानली, तरी कुठल्या गटात जायची मागणी बहुसंख्यांनी उचलून धरली नाही.

या दिवसांतले खरे लोकमत भाषणांपेक्षा हातांतून दिसले. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी सभा होत, तिथे बायका अंगावरच्या बांगड्या-पाटल्या उतरवून देत. दोन वेळची भ्रांत असलेल्या घरांतून अंगठी, डूल, मंगळसूत्रातले मणीसुद्धा आले. रक्तदानाला रांगा लागल्या, घरोघर जवानांसाठी स्वेटर विणले गेले. हे सगळे कुणाच्या सक्तीने झाले नाही. पुढे १० जानेवारी १९६३ रोजी सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी घातली गेली. सोनार कारागिरांच्या चुली विझल्या, तेव्हा त्याग सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही हे ध्यानात आले.

आसामचा अनुभव

दिल्ली-मुंबईत ‘लढा’ असे म्हणणे आणि तेजपूरला म्हणणे यांत फार फरक होता. सीमेकडचे बोमडिला चिन्यांच्या हाती पडल्यावर आसाममधले तेजपूर रिकामे होऊ लागले. अधिकारी निघून गेले, बँकेतल्या नोटा जाळण्यात आल्या, नाणी तळ्यात टाकली गेली, माणसे मिळेल त्या वाहनाने आणि नावेने ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीराकडे धावली. अशा वेळी नेहरूंनी आकाशवाणीवरून आसामी जनतेविषयी कळवळा व्यक्त केला. तिथल्या लोकांनी तो निरोपासारखा ऐकला. आपल्याला सोडून दिले, ही त्या प्रदेशातली भावना पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. सीमेवरच्या माणसाचे मत राजधानीतल्या चर्चेत मोजले जात नाही, हे दुखणे तेव्हापासूनचे.

युद्धात सुमारे १,४०० भारतीय जवान धारातीर्थी पडले, जवळपास १,७०० बेपत्ता झाले आणि सुमारे ४,००० युद्धकैदी झाले. पराभवाचा राग निवळला नाही. मे १९६३ च्या पोटनिवडणुकांत कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी लोकसभेत पोचले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला.

संशयाचे बळी

कम्युनिस्ट पक्षात उभी फूट पडली. श्रीपाद अमृत डांगे यांच्या गटाने १ नोव्हेंबर १९६२ रोजी चिनी आक्रमणाचा निषेध करणारा ठराव करून घेतला, पण पक्षातला दुसरा गट त्याच्याशी सहमत नव्हता. अनेक कार्यकर्त्यांना तुरुंगात डांबले गेले आणि १९६४ मध्ये पक्ष दुभंगला.

याहून अधिक सोसले ते चिनी वंशाच्या भारतवासीयांनी. कित्येकांचा जन्म इथला, भाषा आसामी, बंगाली किंवा हिंदी, कुणाचे लाकूडकाम, कुणाचे चर्मोद्योग, कुणाचे छोटे उपाहारगृह. नोव्हेंबर १९६२ पासून आसाम आणि उत्तर बंगालमधून सुमारे ३,००० जणांना उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे आणि लहान मुलेही होती. कित्येक दिवसांच्या त्या रेल्वेप्रवासात वाटेतल्या स्टेशनांवर जमाव त्यांच्याविरुद्ध घोषणा देत होता, हे त्यांतल्या अनेकांनी पुढे सांगितले. खटला कुणावरच चालला नाही. या गोष्टीवर संसदेत वा वृत्तपत्रांत फारसे कुणी बोलले नाही. सोने देणारा उदार देश इथे गप्प राहिला. काहींची सुटका १९६७ पर्यंत झाली नाही. परतलेल्यांपैकी अनेकांची घरे-दुकाने तोवर लिलावात गेली होती. कित्येक कुटुंबे पुढे कॅनडात, मुख्यतः टोरांटो परिसरात जाऊन राहिली. तिथे घरात अजूनही हिंदी बोलणारी वृद्ध माणसे आहेत.