‘रन’ची पार्श्वभूमी : वाहण्यापासून चालवण्यापर्यंत

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत ‘रनिंग रूम’ म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. बाहेरगावाहून गाडी घेऊन आलेले चालक आणि गार्ड परतीची ड्यूटी लागेपर्यंत तिथे जेवतात, अंग टाकतात, झोप काढतात. मात्र मी अमळनेर तालुक्यात इंग्रजी शिकवत असताना आठवीच्या एका मुलाने या शब्दाचे भाषांतर ‘पळण्याची खोली’ असे केले आणि त्याच पानावर ‘ही रन्स अ शॉप’ या वाक्यासमोर ‘तो दुकान पळतो’ असे लिहिले. त्याच्याकडून पाठ करून घेतलेल्या शब्दार्थांत ‘रन म्हणजे पळणे’ एवढीच एक ओळ होती. घरच्या अहिराणीत त्याने ते ‘पयनं’ म्हणून मनात बसवले होते. त्याने नियम चोख पाळला होता. अपुरी होती ती त्याला दिलेली ओळ, आणि ती का अपुरी ठरते हे समजण्यासाठी या क्रियापदाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

आजच्या ‘रन’मध्ये जुन्या इंग्रजीतली दोन क्रियापदे मिसळून गेली आहेत. एक स्वतः धावण्याचे व वाहण्याचे होते, ‘रिन्नन’ किंवा अक्षरांची उलटापालट होऊन ‘इर्नन’. दुसरे त्याचेच प्रयोजक रूप होते, म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणे, घोडा दौडवणे. इंग्लंडमध्ये वसलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांच्या बोलीतल्या ‘रेन्ना’ने या मिसळणीला हातभार लावला आणि सोळाव्या शतकापासून ‘रन’ हे रूप सर्वत्र रूढ झाले. मराठीने मात्र ही दोन दालने वेगळी ठेवली आहेत : पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे. इंग्रजीत दुकानही ‘रन’ होते आणि दुकानदारही ते ‘रन’ करतो. कर्ता कोण आणि कर्म आहे की नाही, यावरूनच अर्थ ठरतो. माझ्या मते मराठी मुलाला सर्वांत आधी हीच गोष्ट सांगायला हवी, कारण त्याच्या मातृभाषेत ती क्रियापदाच्या रूपातच दिसते, तर इंग्रजीत वाक्याच्या रचनेत शोधावी लागते.

वाहण्याचा अर्थही मागाहून चिकटलेला नाही, तो मुळातलाच आहे. ‘रन’चे जर्मन भावंड ‘रिनन’ आजही मुख्यतः वाहण्याचाच अर्थ देते. म्हणून इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होते, धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो. आपण तिथे अनुक्रमे वाहते, गळते आणि रंग जातो असे म्हणतो. संस्कृतातल्या ‘धाव्’ धातूलाही धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ आहेत, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलांचे चेहरे उजळतात. ‘पळणे’ मात्र ‘पलायन’च्या घराण्यातले आहे; त्यात निसटून जाण्याची छटा आहे, आणि दुकानाला ते चिकटवणे म्हणूनच इतके विचित्र वाटते.

अर्थांचा खरा विस्तार यंत्रयुगात झाला. गिरणी, इंजिन, छापखाना, आगगाडी ही सारी ‘रन’ होऊ लागली. मग वेळापत्रकाप्रमाणे जाणारी गाडीही ‘रन’ झाली आणि पुढे संगणकावरचा प्रोग्रामही. खानदेशात हा शब्द बहुतांशी याच वाटेने आला. 1870 मध्ये मुंबई–कोलकाता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला आणि भुसावळ त्या मार्गावरचे मोठे जंक्शन झाले. ‘रनिंग स्टाफ’ म्हणजे गाडी चालवणारा वर्ग, आणि ‘रनिंग रूम’ त्यांची. त्या खोलीत पळणे कुठेच नाही, चालवणे आहे. आज जळगावात जुनी गाडी घेणारा ‘रनिंग किती झालंय?’ असे विचारतो, फॅब्रिकेशनवाला ‘रनिंग फुटाने’, म्हणजे लांबीच्या दर फुटामागे, भाव सांगतो आणि पोलीस भरतीतल्या 1600 मीटरसाठी पहाटे उठणारा मुलगा ‘रनिंग मारायला’ जातो. शब्द एकच, पण कोणाचाही गोंधळ होत नाही.

समानार्थी शब्दांचे कोडेही इतिहासानेच सुटते. ‘रन’ जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ कुळातला आहे, ‘रेस’ नॉर्समधून आला, ‘गॅलप’ फ्रेंचमधून, ‘ऑपरेट’ लॅटिनमधून, आणि ‘मॅनेज’ घोडा हाताळण्याच्या इटालियन शब्दावरून. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच ही राजदरबाराची भाषा झाली, त्यामुळे घरगुती कामाचा शब्द साधा जर्मॅनिक आणि कचेरीचा शब्द फ्रेंच-लॅटिन, अशी विभागणी इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी दिसते. कंपनी ‘रन’ करणे आणि ‘मॅनेज’ करणे यांतला फरक अर्थापेक्षा घडणीचा अधिक आहे. लॅटिनमध्ये धावण्याला ‘कुर्रेरे’ म्हणत. त्यातून कोर्स, करंट, करन्सी, कुरिअर आणि कॉरिडॉर हे शब्द निघाले. ‘मोटारीला करंट नाही’ म्हणणारा शेतकरी त्याच धावण्याचा एक वंशज उच्चारत असतो.

निवडणुकीचे उदाहरण वेगळे आहे. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. आपण निवडणुकीला उभे राहतो, म्हणजे आपली कल्पना ब्रिटिश इंग्रजीशी जुळते.

कोशकारांनी या क्रियापदांशी केलेली झुंज आदराने सांगण्याजोगी आहे. 1857 मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत नव्या इंग्रजी कोशाची चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पुढे ऑक्सफर्ड कोश म्हणून ओळखला गेलेला तो इंग्रजी कोश 1928 मध्ये पूर्ण झाला. 1989 च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. सुधारणा सुरू झाल्यावर तो मान 2000 मध्ये ‘मेक’ने, 2007 मध्ये ‘पुट’ने आणि 2011 मध्ये ‘रन’ने मिळवला. ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले गेले आणि पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या नोंदीसाठी सुमारे नऊ महिने लागले.

क्रिकेटमधल्या ‘रन’ला आपण धाव म्हटले. इंग्लंडमध्ये पूर्वी काठीवर खाच पाडून गुण मोजत, म्हणून तिथे गुणाला ‘नॉच’ म्हणजे खाच असाही शब्द होता. मराठीत धाव हा शब्द आधीपासूनच अनेक कामे करत होता. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात ती विहिरीची धाव, बैलगाडीच्या चाकावर बसवलेला लोखंडी पाटा ही चाकाची धाव, आणि गोधडीवर आजी घालते तो धावदोरा. त्या आठवीच्या वर्गात मी फळ्यावर हे तीन शब्द लिहिले आणि त्यांच्या खाली ‘रन’ लिहिले. दुकान पळवणाऱ्या त्या मुलाने विहिरीच्या धावेचे चित्र काढून दाखवले, कारण त्याच्या आजोबांच्या मळ्यात ती अजून शिल्लक होती. मग त्याने वहीतली ती ओळ खोडली आणि तिच्या जागी ‘तो दुकान चालवतो’ असे लिहिले.