‘पिंग’ची कुळकथा

लोअर परळच्या कुठल्याही ऑफिसात दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, ‘मला पिंग कर.’ म्हणजे मेसेज टाक. शब्द इंग्रजी, पण त्याच्या जातकुळीचे शब्द आपण शाळेच्या व्याकरणातच शिकलो आहोत. कडकडाट, खणखण, टिकटिक. आवाजावरून थेट वस्तूचं नाव पाडायची हौस मराठीलाही आहे. ‘फटफटी’ हा त्यातला माझा सर्वांत लाडका शब्द.

‘पिंग’ एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आला तो बंदुकीच्या गोळीबरोबर. गोळी टणक वस्तूवर आपटली की उमटणारा तो आवाज. मग 1900 च्या सुमारास इंग्लंडमध्ये घरातल्या टेबलावर टेनिस खेळायची टूम निघाली. रॅकेटवर ताणून बसवलेलं कातडं आणि सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू. रॅकेटवर ‘पिंग’, टेबलावर ‘पाँग’. हे नाव एका कंपनीचा ट्रेडमार्क झालं आणि खेळाला ‘टेबल टेनिस’ म्हणणं भाग पडलं.

या आवाजाची खरी किंमत कळली ती मुंबईत. 1952 साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा इथे भरली, आशियात पहिल्यांदाच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. तिच्यावर चेंडू आपटला तरी आवाज जवळजवळ होतच नसे. फटक्याचा अंदाज कानाने घेणारे भलेभले चक्रावले आणि सातो जगज्जेता झाला.

त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धात ‘पिंग’ समुद्रात उतरला होता. पाणबुडी शोधायला नौदल ‘सोनार’ या यंत्रणेने पाण्यात ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. म्हणजे दोन सेकंदांनी तो परतला, तर समोरची वस्तू दीड किलोमीटरवर. आपल्या भाषेत, हाक मारायची आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते मोजायचं.

डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी नेटवर्कवरचा दुसरा कॉम्प्युटर जागा आहे का, हे तपासणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि सोनारच्या त्याच आवाजावरून त्याला ‘पिंग’ नाव दिलं. ‘पिंग’च्या इंग्रजी अक्षरांवरून शब्द जुळवून सांगितलं जाणारं लांबलचक नाव नंतर चिकटवलेलं आहे. हा प्रोग्रामही हाकच मारतो, आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते दाखवतो.

म्हणूनच पिंग करणारा सहकारी सगळं एका दमात सांगत नाही. ‘आहेस का?’ एवढंच विचारतो, आणि ‘ओ’ येईपर्यंत थांबतो.