आमिष म्हणजे नेमकं काय? हिंदू धर्म आणि मांसाहाराच्या वादामागची गोष्ट

हिंदू धर्मात मांस खाणं चालतं की नाही, हा वाद दरवर्षी श्रावण लागला की नव्याने सुरू होतो. एक बाजू यज्ञातले पशू आणि मधुपर्क, म्हणजे पाहुण्याच्या स्वागताच्या विधीतलं मांस, काढते, दुसरी अहिंसा परमो धर्म म्हणते. वेदकाळातली ती उदाहरणं, जैन-बौद्धांचा प्रभाव, गाय कधी अवध्य झाली, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं म्हणून त्यात फार शिरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आज आपण ज्या दोन खणांत विचार करतो, व्हेज आणि नॉनव्हेज, ते खण जुन्या धर्मग्रंथांत नाहीयेत. तिथे प्रश्न असा असायचा की कोणी, कधी, कोणत्या निमित्ताने, कोणाला दाखवून खायचं.

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय दोन्ही बाजूंना पुरतो म्हणून दोन्ही बाजू तोच वापरतात. यज्ञासाठीच पशू निर्माण झाले असं तिथे आहे. संमती देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा हे सगळे घातक, असंही तिथेच आहे. विधीत रीतसर बसवलेला माणूस मांस नको म्हणाला तर पुढचे एकवीस जन्म पशू होतो असाही श्लोक त्याच अध्यायात आहे, आणि शेवटी येतं की मांस खाण्यात दोष नाही, ही प्राण्यांची प्रवृत्तीच आहे, पण निवृत्तीचं फळ मोठं. टीकाकारांनी हे जुळवायला प्रचंड शाई खर्च केली. मला तरी त्यात न जुळणारं काही दिसत नाही. निमित्ताशिवाय मारू नका, निमित्त असेल तर नाही म्हणू नका, सोडता आलं तर उत्तम, असा तो चढता क्रम आहे. पशू मारायची इच्छाच झाली तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करा, ही सोयसुद्धा मनूनेच सांगून ठेवलीय.

त्याच्या आधीचा एक पुरावा मात्र सांगायलाच हवा. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्याचा हिशोब आहे. पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता तीनच, दोन मोर आणि एक हरीण, हरीण तेही रोज नाही, आणि पुढे हे तीनही मारणार नाही. म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा अहिंसावादी राजासुद्धा एका रात्रीत शाकाहारी झाला नव्हता, हळूहळू कमी करत गेला. आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला एक चिनी प्रवासी लिहून ठेवतो की मध्यदेशात, म्हणजे उत्तर भारताच्या मधल्या पट्ट्यात, कोणी जीव मारत नाही, दारू पीत नाही, कांदा-लसूण खात नाही, फक्त चांडाळ सोडून, आणि ते गावाबाहेर राहतात. हे वाक्य वाचताना मला दरवेळी अडखळायला होतं. मांस न खाणारे आत आणि खाणारे वेशीबाहेर, ताटाची विभागणी आणि माणसांची विभागणी एकाच ओळीत आलीय, आणि ती पुढे सुटलीच नाही.

मध्ययुगात कलिवर्ज्य नावाची यादी आली. पूर्वी चालायचं पण कलियुगात नको अशा गोष्टींची. त्यात पलपैतृक आहे, म्हणजे श्राद्धात पितरांना मांस देणं. मनूने हिशोबच दिला होता, तीळ-तांदळाने पितर एक महिना तृप्त, माशाने दोन, हरणाच्या मांसाने तीन, असं वाढत जाणारा. तो हिशोब चुकीचा होता असं कोणी म्हणालं नाही, फक्त आताचा काळ त्या लायकीचा नाही म्हणून बंद. जुनं वचन खोटं न पाडता बाजूला ठेवायची ही शास्त्र्यांची युक्ती फार हुशारीची होती.

आता ज्या शब्दासाठी हे लिहायला घेतलं तो शब्द, आमिष. मराठीत आमिष म्हटलं की आपल्याला लालूच आठवते, नोकरीचं आमिष, पैशाचं आमिष. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, गळाला लावायचा मांसाचा तुकडा तो आमिष, तिथून लालूच हा अर्थ आला. मग निरामिष म्हणजे शाकाहारी, सोपं. पण धर्मसिंधू उघडून चातुर्मासाचं प्रकरण वाचलं की हे सोपंपण उडून जातं. पंढरपूरच्या एका शास्त्र्यांनी १७९० मधे हा ग्रंथ पुरा केला. महाराष्ट्रात सण-व्रतं कशी करायची याचा निकाल लावायला शंभर-दीडशे वर्षं भटजी हाच ग्रंथ बघत आलेत आणि मराठी भाषांतरासह तो आजही मिळतो. त्यात चातुर्मासात आमिष वर्ज्य करा असं सांगून आमिष म्हणजे काय याची यादी दिलीय.

त्या यादीत मांस आहेच, पण ते एकटं नाही. शंख-शिंपल्यांचा चुना आहे, कारण तो प्राण्याच्या अंगाचा. चामड्याच्या पखालीतलं पाणी आहे. इथपर्यंत आपल्या डोक्यात बसतं, प्राण्याशी संबंध आहे ना. पण त्यात जंबीर म्हणजे लिंबाची एक जात आहे, महाळुंग आहे, करपलेलं अन्न आहे, विष्णूला नैवेद्य न दाखवलेलं अन्न आहे आणि चक्क मसूर आहे. मसुरीची डाळ आमिष! दुसऱ्या मताची म्हणून आणखी एक यादी आहे, त्यात शिळं अन्न, जमिनीतून काढलेलं मीठ, तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं गाईचं दूध-दही, डबक्यातलं पाणी, गाय-म्हैस-शेळी सोडून इतर जनावरांचं दूध. आणि त्याच यादीत स्वार्थपक्व अन्न, म्हणजे फक्त स्वतःपुरतं शिजवलेलं.

हे शेवटचं वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. कोणाला न वाढता, देवाला न दाखवता, एकट्यासाठी शिजवलेला वरणभातसुद्धा त्या चार महिन्यांपुरता मांसाच्या यादीत जातो. म्हणजे इथे आमिष हा पदार्थाचा प्रकार राहिलाच नाही, ते खाण्याच्या वृत्तीला दिलेलं नाव झालंय. आणि लालूच हा जो अर्थ मराठीत उरला तो बहुतेक या बाजूला जास्त जवळचा आहे.

शाक या शब्दाचंही तसंच. चातुर्मासाच्या चार महिन्यांची चार व्रतं त्याच प्रकरणात आहेत, श्रावणात शाक सोडा, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल म्हणजे डाळी. आणि शाकाचे प्रकार सांगताना मूळ, पान, कोंब, फळ, फूल, साल असं सगळं घेतलंय. म्हणजे ज्या महिन्यात लाखो लोक शाकाहारी होतात त्या महिन्यात ग्रंथ शाक सोडायला सांगतो. यामागे पावसाळ्यातल्या किड्यांचं कारण लोक देतात, असेलही, पण दही-दूध-डाळी क्रमाने सोडायला लावणारं व्रत हे संयमाचं व्रत आहे, आज हे सोड, पुढच्या महिन्यात ते सोड, असं. वांगं, कांदा, लसूण चातुर्मासात सोडून चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून परत धरणारी घरं हेच करतात, त्यांनी धर्मसिंधू नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

बंगालमधे हा शब्द आणखी गुंततो. कालीपूजेत बळी दिलेल्या बोकडाचं मांस कांदा-लसूण न घालता शिजवतात आणि त्याला म्हणतात निरामिष मांस. आपल्याकडे कोणाला सांगितलं तर चेष्टा वाटेल, पण तिथे तो रोजच्या वापरातला शब्द आहे, देवीला अर्पण झालं आणि कांदा-लसूण नाही म्हणजे निरामिष. त्याच समाजात विधवांवर आयुष्यभराचं निरामिष लादलं गेलं, मासा तर नाहीच, कांदा-लसूण आणि मसूरही नाही. एकच शब्द एका ठिकाणी प्रसाद आणि दुसऱ्या ठिकाणी शिक्षा.

देवांच्या बाबतीत तर एकच एक नियम कधी नव्हताच. पुरीला जगन्नाथाच्या आवारातच विमलादेवी आहे, आश्विनातल्या दुर्गापूजेत तिला रात्री मांस-माशाचा नैवेद्य होतो, जगन्नाथाचे दरवाजे उघडायच्या आत सगळं आवरून. कोकण-रायगडाकडे तिखटाच्या गौरी असतात. गणपतीशेजारी गौर बसलेली असते, तिच्यासाठी मटण किंवा मासे रांधतात, पान वाढतात, आणि नैवेद्य दाखवायच्या आधी गणपतीसमोर पडदा ओढतात. दोन मिनिटं तो पडदा असतो, मग बाजूला. गणपतीचं सोवळं राहतं आणि माहेरी आलेल्या गौरीला तिच्या आवडीचं मिळतं. मला या पडद्याइतकं नेमकं उत्तर कुठल्याच ग्रंथात सापडलेलं नाही. काश्मिरी पंडितांच्या बऱ्याच घरांत शिवरात्रीला मांस-मासे होतात, सारस्वतांना आणि मैथिल ब्राह्मणांना मासे चालतात, आणि यांच्यापैकी कोणालाही आपण धर्म सोडला असं वाटत नाही. उलट नवरात्रात कोहळ्याला कुंकू लावून एका घावात कापतात तेव्हा तो कोहळा पशूच्या जागी उभा असतो हे कापणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आणि मांस सोडणं म्हणजे ब्राह्मणांचं अनुकरण असं जे सरसकट म्हटलं जातं तेही पूर्ण खरं नाही. वारकऱ्यांत माळ घातली की मांस सुटतं, आणि माळ घालणारे बहुसंख्य शेतकरी, कारागीर, बहुजन आहेत. एकाच घरात सासरा माळकरी आणि मुलगा खाणारा, चूल वेगळी किंवा निदान भांडी वेगळी, हे खेड्यात सर्रास दिसतं. तिथे माळ हा एकेका माणसाने स्वतः घेतलेला नेम असतो, जातीचा शिक्का नसतो, हा फरक फार मोठा आहे.

दोन खण पाडणारा विचार आला तो एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमधे १८४७ ला शाकाहाराचा प्रचार करणारी संस्था निघाली आणि व्हेजिटेरियन ही एक ओळख झाली. लंडनला बॅरिस्टर व्हायला गेलेल्या एका गुजराती तरुणाला, जो आईला दिलेल्या वचनापायी मांस टाळत होता, तिथल्या पुस्तकांतून शाकाहाराचं तत्त्वज्ञान मिळालं, आणि वचनाची जागा विश्वासाने घेतली. पुढे तो विचार इथल्या राजकारणात किती खोल गेला ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच काळात मांस खाल्लं तरच इंग्रजांसारखं बळ येईल असं म्हणणारेही होते, त्यात कलकत्त्याचा एक गाजलेला संन्यासी, विवेकानंदसुद्धा. १८८० नंतर गोरक्षणाच्या सभा निघाल्या, १८९३ ला दंगली झाल्या, आणि ताटातला प्रश्न समाजांमधला प्रश्न झाला. राज्यघटनेत तो गाय-वासरांची कत्तल रोखायला सांगणारं कलम ४८ म्हणून आला, शेती आणि पशुपालनाच्या भाषेत. १९५८ ला सर्वोच्च न्यायालयाने गाय-वासरांची पूर्ण बंदी योग्य ठरवली पण उपयोगातून गेलेल्या बैलांना त्यातून सोडलं, २००५ ला सात न्यायाधीशांनी ती सूटही काढली. महाराष्ट्रात १९९५ ला मंजूर झालेली, बैलांनाही बंदीत आणणारी दुरुस्ती वीस वर्षं पडून राहून २०१५ ला लागू झाली.

बळीचं वेगळंच. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात कलम २८ आहे, कुठल्याही समाजाच्या धर्मात सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारणं हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. पण काही राज्यांचे स्वतःचे बळीबंदीचे कायदे आहेत. तमिळनाडूचा १९५० चा कायदा वर्षानुवर्षं कागदावर होता, २००३ ला तो कडकपणे लावायला घेतला तेव्हा ग्रामदेवतांना बोकड-कोंबडं देणारी गावंच्या गावं खवळली आणि २००४ ला तो कायदा रद्द करावा लागला. या लोकांना कोणी विचारलं नव्हतं की तुमचा धर्म काय म्हणतो.

आणि मग २००१ ला खाण्याच्या पाकिटावर ठिपका आला, शाकाहारीला हिरवा, मांसाहारीला तपकिरी (या तपकिरी ठिपक्याचा आता त्रिकोण झालाय). खाणाऱ्याला कळलं पाहिजे यात वाद नाही, तो त्याचा हक्कच आहे. पण ठिपक्याला दोनच रंग. दूध हिरव्यात, अंडं तपकिरीत, मसूर हिरव्यात, कांदा-लसूण हिरव्यात. निमित्त, महिना, नैवेद्य, कोणासाठी शिजवलं, यातलं काही ठिपक्यात मावत नाही, मावणारही नाही.

लोकांचं वागणं मात्र अजून जुन्याच पद्धतीचं आहे. सरकारच्या २०१४ च्या पाहणीत १५ वर्षांवरच्या लोकांमधे ७१ टक्के मांसाहारी निघाले, तेलंगणात जवळपास ९९ आणि राजस्थानात २५. २०२१ ला एका परदेशी संस्थेच्या पाहणीत ४४ टक्के हिंदूंनी स्वतःला शाकाहारी म्हटलं, आणि त्याच पाहणीत ८१ टक्के भारतीय मांसावर काही ना काही बंधन पाळतात, कोणी पूर्ण, कोणी ठरावीक वारी, कोणी ठरावीक प्राण्याचं. हे सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारे लोक ना हिरव्या ठिपक्यात बसतात ना तपकिरी.

वाद आता ताटापेक्षा दुकानाच्या शटरवर जास्त होतो. २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादला जैनांच्या पर्युषणातले नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवणं मान्य केलं, २०१५ ला मुंबईत तसाच निर्णय आला तेव्हा उच्च न्यायालयाने विक्रीवरची बंदी थांबवली. २०२५ मधे मुंबईजवळच्या एका महापालिकेने १५ ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला, आधार १९८८ च्या एका ठरावाचा. विरोध करणाऱ्यांत असे पुष्कळ होते जे श्रावण म्हणून त्या दिवशी तसंही खाणार नव्हते.