इमर्जन्सीत डिपॉझिट मागितलं तर काय करायचं: धर्मादाय खाटा, जनआरोग्य योजना आणि लागणारी कागदपत्रं

महाराष्ट्रात धर्मादाय, म्हणजे ट्रस्टने चालवलेल्या, हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सी पेशंट आला तर त्याला लगेच दाखल करायचं, जीव वाचवणारे उपचार सुरू करायचे आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेत स्पष्ट लिहिलंय आणि ती योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तरीही पेशंट कॅज्युअल्टीत आणि नातेवाईक बिलिंग काउंटरवर, हातात फोन, या नातेवाइकाला त्या मित्राला पैसे मागतायत, हे चित्र काही बदलत नाही. मला यात सगळ्यात जास्त त्रास याचा होतो की हक्क आहे, योजना आहे, पण ती कोणाकडे आणि कधी मागायची हे त्या वेळी कोणी सांगत नाही.

आधी थोडं पैशाचं गणित, कारण ते कळलं की काउंटरवरचा माणूस असं का बोलतो तेही कळतं. इमर्जन्सी विभाग चालवणं महाग असतं कारण पेशंट येवो न येवो, डॉक्टर, नर्स, व्हेंटिलेटर, सीटी स्कॅनचा टेक्निशियन, रक्ताची सोय हे सगळं चोवीस तास तयार ठेवावं लागतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनला इन्शुरन्सची मंजुरी आधी येते, तारीख ठरलेली असते, पण इमर्जन्सीत कोण येणार, काय निघणार, पैसे देऊ शकणार की नाही यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून हॉस्पिटल ती जोखीम डिपॉझिटच्या रूपाने नातेवाइकांवर टाकतं. अडचण अशी की उशिराची किंमत हॉस्पिटलच्या हिशोबात कुठेच दिसत नाही. मेंदूत गुठळी अडकून लकवा आला तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टीने नस उघडायची असं डॉक्टरांचं उद्दिष्ट असतं, आणि जखमेतून खूप रक्त जात असेल तर रक्तस्राव कमी करणारं औषध पहिल्या तीन तासांत दिलं तरच खरा उपयोग. यातला एक तास पैसे जमवण्यात गेला तर पुढे आयसीयूचे दिवस वाढतात, कायमचं अपंगत्व येतं, कमावता माणूस घरी बसतो, आणि हा सगळा खर्च कुटुंबावर पडतो. म्हणजे आधी उपचार करणं हे माणुसकीचं तर आहेच, पण निव्वळ पैशात बघितलं तरी तेच स्वस्त पडतं.

कायदाही हेच सांगतो. सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं हे सरकारी असो वा खाजगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. त्यामुळे "आधी पोलीस केस करून या" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद हॉस्पिटलच करतं.

आता धर्मादाय योजनेची पात्रता, कारण ही सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. ट्रस्टने चालवलेली बरीच मोठमोठी, चकाचक हॉस्पिटल यात येतात, बाहेरून बघून कळतसुद्धा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम ४१ कक, याच्याखाली त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. म्हणजे फक्त पिवळ्या कार्डवाल्यांसाठीच आहे असं नाही, महिन्याला तीस हजारांपर्यंत घरात येणारे लोकही दुसऱ्या गटात बसतात, आणि नेमके हेच लोक "आपण कुठे गरीब" म्हणून विचारतच नाहीत. कृपया विचारा.

निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या मोफत, आणि औषधं, इम्प्लांट वगैरेचा खर्च हॉस्पिटलच्या निर्धन रुग्ण निधीतून, ज्याला सगळे आयपीएफ म्हणतात. दुर्बल घटकातल्या रुग्णाला बिल सवलतीच्या दराने लागतं आणि औषधं, कन्झ्युमेबल्स (सिरिंज, हातमोजे असं एकदा वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट खरेदी किमतीला लावून त्याचा किमान ५० टक्के भाग त्याने भरायचा असतो. हा आयपीएफ येतो कुठून, तर हॉस्पिटलने बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम त्या खात्यात वेगळी ठेवायची असते. वर्षाला १०० कोटींचं बिलिंग असेल तर २ कोटी झाले. म्हणून "फंड नाहीये" असं तोंडी उत्तर मिळालं तर शांतपणे म्हणा की आयपीएफची शिल्लक आणि राखीव खाटांची आजची स्थिती लेखी द्या. भांडण न करता एवढं वाक्य बोललं तरी समोरचा माणूस वरिष्ठांना फोन लावतो.

भेटायचं कोणाला? बिलिंग काउंटर नाही, हॉस्पिटलमधला मेडिकल सोशल वर्कर. रात्री तो नसेल तर ड्यूटीवरच्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा, फॉर्म मिळाला नाही म्हणून थांबायचं नाही. एवढं लिहिलं तरी पुरे:

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. माझे वडील (नाव, वय) आज रात्री (वेळ) इमर्जन्सीत दाखल झाले आहेत. आमचं वार्षिक कौटुंबिक उत्पन्न (रक्कम) आहे. त्यांना धर्मादाय योजनेत निर्धन / दुर्बल घटक रुग्ण म्हणून लाभ मिळावा ही विनंती. कागदपत्रं सोबत जोडली आहेत / उद्यापर्यंत सादर करतो."

दोन प्रती करा, एकीवर तारीख, वेळ आणि सहीशिक्का घ्या, शिक्का देत नसतील तर फोटो काढून हॉस्पिटलच्या ईमेलवर पाठवा. ही पोच फार महत्त्वाची कारण नंतर "तुम्ही आधी सांगितलंच नाही" हेच ऐकायला मिळतं.

कागदपत्रं अशी: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, किंवा रेशन कार्ड / दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, पेशंटचं आधार, आणि डॉक्टरांचा इस्टिमेट व रिपोर्ट. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढावा लागतो आणि त्याला काही दिवस जातात, म्हणून घरात म्हातारी माणसं असतील, कोणाला हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल तर चालू वर्षाचा दाखला आत्ताच काढून ठेवा आणि रेशन कार्ड, आधार, दाखला याचे फोटो घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये असू द्या.

दुसरा रस्ता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. १ जुलै २०२४ पासून ही राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली आहे, पांढरं कार्ड असलं तरी, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर मिळतं. पण दोन अटी नीट बघा, हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं आणि तो उपचारही यादीत हवा. यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं) टेबल असतं, रेशन कार्ड आणि फोटो ओळखपत्र घेऊन तिथे जायचं (रेशन कार्डाच्या प्रकारानुसार अधिवास दाखलाही लागू शकतो). इमर्जन्सीत फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात, हे आरोग्यमित्राला आठवण करून द्या. ही योजना कॅशलेस आहे, आधी पैसे भरून नंतर परत मागायची सोय नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी नोंद व्हायला हवी. हेल्पलाइन १५५३८८.

रस्त्यावरचा अपघात असेल तर त्यासाठी वेगळी केंद्राची योजना आहे, ५ मे २०२५ ला अधिसूचित झालेली. मोटार वाहनामुळे अपघात झाला की प्रत्येक जखमीला अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. इथे उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्ड नाही. अपघात खरंच झाला याची खात्री पोलीस करतात, म्हणून ११२ ला कळवणं आणि एमएलसीत अपघाताची जागा, वेळ नीट लिहून घेणं गरजेचं. योजनेत नसलेल्या हॉस्पिटलमध्ये नेलं तर तिथे फक्त स्थिर करण्यापुरते उपचार यात बसतात. आणि जखमीला पोचवणाऱ्या अनोळखी माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चं संरक्षण आहे, घाबरून कोणी मागे राहू नये.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी सगळ्यात शेवटी धरा, वरचं सगळं बघून उरलेल्या खर्चासाठी. त्याला १ लाख ६० हजारांपर्यंतचा उत्पन्नाचा दाखला, खाजगी हॉस्पिटल असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी तपासलेला इस्टिमेट, आधार, रेशन कार्ड आणि अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी लागते. पेशंट ॲडमिट असतानाच अर्ज करा, भरून झालेल्या बिलाचे पैसे यातून परत मिळत नाहीत.

धर्मादाय हॉस्पिटलने तरीही नाही म्हटलं तर तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात करायची, या योजनेवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख समितीचं काम तिथूनच चालतं. सोबत तुमच्या अर्जाची पोच, उत्पन्नाचा पुरावा, डिपॉझिटची पावती आणि आयटमवाइज बिल जोडा. नुसतं एका आकड्याचं बिल घेऊन डिस्चार्ज घेऊ नका, कारण औषध खरेदी किमतीला लावलं की एमआरपीला, हे त्या आयटमवाइज कागदावरच कळतं.